केटच्या नावापुढच्या पाच रेघा

दुबईहून परत आल्यापासून सांगलीत जो भेटतो तो एकच विचारतो, बुर्ज खलिफावर चढलात का. नाही चढले. दुरून पाहिला, दोनदा, चालत्या गाडीच्या काचेतून, आणि दोन्ही वेळा माझं डोकं इतकं तापलेलं होतं की तो किती मजली आहे हे विचारायचंही सुचलं नाही. मी तिथे दहा दिवस होते आणि ते सगळे एका स्कॉटिश घराण्याची वंशावळ शोधण्यात गेले. एवढं सांगितलं की लोक विषय बदलतात. म्हणून एकदाचं लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायला नको.

मी एकतीस वर्षं नगर भूमापन कार्यालयात काढली. घरमालक गेला की मिळकत पत्रिकेवर कोणाकोणाची नावं लावायची, हे माझं काम. आई कोण, बाप कोण, कागद कुठाय. निवृत्त झाल्यावर माझे दीर नाना भाऊजी यांनी मला आमच्या कुळवृत्तांताच्या कामाला जुंपलं. नाना भाऊजी समितीचे अध्यक्ष. समितीत सात पुरुष, ते बैठका घेतात आणि चिवडा खातात. फॉर्म गोळा करायला, फोन करायला आणि अक्षरं लावायला मी. आमचं आडनाव इथे लिहीत नाही, त्यालाही समितीची परवानगी लागेल.

आमच्या फॉर्ममध्ये प्रत्येक सुनेसाठी पाच रकाने आहेत: माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव, माहेरचा मूळ पुरुष, मूळ गाव, कुलदैवत. माझा मुलगा निखिल दुबईत असतो. त्याची बायको केट अमेरिकन, तिचं घराणं मूळचं स्कॉटलंडचं. नानांनी नियम सांगितला होता की परदेशी सुनांना रेघ द्यायची. केटचं आडनाव आणि वडिलांचं नाव मला माहीत होतं. पण दोन रकान्यांत नावं आणि तीन रकान्यांत रेघा दिसायला बरं दिसेना, म्हणून मी पाचही ठिकाणी रेघ मारली. हे माझ्या हातचं काम. नानांवर ढकलता येणार नाही.

कच्चा मजकूर सगळ्यांना पाठवला आणि तिसऱ्या दिवशी केटचा व्हिडिओ कॉल आला. ईराला, म्हणजे माझ्या नातीला, तिथल्या मराठी वर्गात घालायचं म्हणून केट तिच्याबरोबर दोन वर्षं बाकावर बसली. ईरा काही शिकली नाही, केट वाचायला शिकली. तिने रेघा मोजल्या होत्या.

"आई, माझ्या मागे कोणी नाही, असं लिहिलंय तुम्ही," ती म्हणाली. "मग ईराच्या मागे पण अर्धं कोणी नाही. तिचं नाव काढा. माझं पण काढा."

आवाज चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. छपाईला महिना राहिला होता. नानांना विचारलं तर ते म्हणाले, काढा म्हणते तर काढून टाका, पान वाचेल. त्या वाक्याने माझा पारा जो चढला तो उतरेपर्यंत मी तिकीट काढलेलं होतं.

शुक्रवार, इंटरनॅशनल सिटी

निखिलचं घर ज्या वस्तीत आहे तिथे इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत. पर्शिया, फ्रान्स, रशिया, मोरोक्को. निखिल इंग्लंडमध्ये राहतो. केटचे वडील डग्लस याच देशात चार तासांवर नोकरी करतात आणि पाच वर्षांत एकदाही लेकीकडे जेवायला आले नाहीत, कारण स्कॉटिश माणूस इंग्लंडमध्ये जेवत नाही. मला आधी ही थट्टा वाटली. नंतर कळलं की ते खरोखरच येत नाहीत, इमारतीच्या खाली गाडीत बसून नातीला भेटतात.

केटने दारात वाकून नमस्कार केला. कांदेपोहे केले होते, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. माझ्या सख्ख्या भाच्यांना इतके मोकळे पोहे जमत नाहीत. पण "हो आई", "नाही आई" यापलीकडे ती बोलली नाही. मी खाऊन झाल्यावर फॉर्म काढला. आजोबांचं नाव तिला ठाऊक होतं. पणजोबांचं नव्हतं. मूळ गाव विचारलं तर म्हणाली, नॉर्थ कॅरोलायना. त्याआधी? स्कॉटलंड. स्कॉटलंडात कुठे? ते डॅड सांगतील.

मी हात टेकले. आमचं घराणं कोकणातून घाटावर आलं त्याला दोनशे वर्षं होऊन गेली, तरी आजही दरसाल तिथल्या देवीला नारळ जातो, आणि न गेल्यास निदान भांडण तरी होतं. ही माणसं एवढा समुद्र ओलांडून गेली आणि गावाचं नाव बोटीतच ठेवून उतरली.

ईरा आठ वर्षांची आहे. ती माझ्याशेजारी येऊन फॉर्म बघत राहिली. मग म्हणाली, "आज्जी, इज मम्मा इन द बुक ऑर नॉट?" मी मराठीत सांगितलं की त्यासाठीच आले आहे. "बट यू मेड द बुक," ती म्हणाली आणि खेळायला गेली.

निखिलला विचारलं, रुवैसला कधी निघायचं. उद्या सकाळी सहाला, इन्शाल्ला. हा शब्द त्या देशात सगळेच वापरतात, पण माझा मुलगा तो अगदी मनापासून वापरतो. आम्ही साडेआठला निघालो.

शनिवार, रुवैस

अबुधाबी मागे पडल्यावर बघण्यासारखं काही उरत नाही असं निखिल म्हणाला होता. मला ते पटलं नाही. डाव्या हाताला सपाट, मिठाने पांढुरकी झालेली जमीन, उजव्या हाताला मधूनच हिरवट समुद्राची पट्टी, रस्त्याच्या कडेने मैलोन् मैल जाळीचं कुंपण आणि पलीकडे उंट, आमच्याकडे म्हशी उभ्या असतात तसे निवांत. एका पंपापाशी कडक दुधाचा चहा घेतला, वेलदोडा घातलेला. निखिलने तो किती दिरहमचा आणि म्हणजे किती रुपयांचा हे मोठ्याने सांगितलं. तो पाण्याच्या बाटलीचंही असंच सांगतो. पंधरा वर्षं झाली तिथे, पण मनातल्या मनात गुणाकार करायला शिकला नाही.

रुवैस म्हणजे तेल शुद्धीकरणाचं गाव. लांबून धुराड्यांच्या टोकाला ज्योती दिसतात आणि जवळ गेलं की एकसारखी घरं, झाडांच्या रांगा, अतिशय शिस्त. डग्लस तिथे इंजिनियर आहेत. ते दारात उभे होते ते घागरा नेसून. स्कॉटिश पुरुषांचा किल्ट, चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंत, खाली लोकरीचे मोजे, आणि बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येईना. माझ्या मानासाठी नेसले होते. सहा फुटी माणूस, घामाने निथळत होता आणि हसत होता.

जेवायला त्यांनी ओटच्या पिठाच्या कडक चकत्या केल्या होत्या, आपण शिळ्या भाकरीचा तव्यावर कडकडीत पापड करतो तशा. लोण्याबरोबर झकास लागल्या. मी चार खाल्ल्या. मी शाकाहारी म्हणून त्यांनी त्यांचा एक खास मसालेदार पदार्थ, मांसाऐवजी भाज्या घातलेला, डबाबंद मागवला होता. त्याबद्दल मी फक्त एवढंच सांगेन की मी तो संपवला.

मग मूळ मुद्दा. दिवाणखान्यात हातभर रुंदीची चौकट होती, तिच्यात वंशवृक्ष, वर ढाल, तलवार आणि काहीतरी लॅटिन. सगळ्यात वर एक सरदार. डग्लस उभे राहून सांगायला लागले: हा आमचा मूळ पुरुष, इंग्रजांच्या राजाविरुद्ध लढला, हरला, शरण न जाता बोटीत बसून कॅरोलायनाला गेला, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजांच्याच वसाहतीत.  मी वही काढली आणि विचारलं, बोटीचं नाव? माहीत नाही. कुठल्या बंदरावर उतरला? नक्की नाही. त्याच्या मुलाचं नाव? तिथे चौकटीत सरदारापासून निघालेली टिंबटिंबांची रेषा होती, ती थेट डग्लस यांच्या पणजोबांपर्यंत येत होती. मधली टिंबं कोण, असं मी विचारलं.

आमच्या कार्यालयात असा कागद कोणी आणला असता तर मी तो पुढच्या खिडकीलाही पाठवला नसता. ही चौकट त्यांनी एका संकेतस्थळावरून मागवली होती. आडनाव कळवलं की ते सरदार आणि ढाल पाठवतात. म्हणजे मी माझं आडनाव कळवलं तर मलाही एखादा सरदार येईल. हे मी निखिलला मराठीत म्हणाले, केटला ते कळलं, आणि डग्लसना कळलं नसलं तरी माझा चेहरा कळला.  निघताना त्यांनी घागऱ्यावरच्या धुळीशी उगाच चाळा केला आणि मला म्हणाले की प्रत्येक गोष्टीला कागद नसतो.

गाडीत बसल्यावर माझ्याकडून चूक झाली. चौकटीचा फोटो मी नाना भाऊजींना पाठवला, हे बघा काय काय दाखवतात लोक, या अर्थाने. नाना खूश. लगेच फोन. सरदार घराणं, वहिनी, तलवारीसकट. आधी का नाही सांगितलं. पाचही रकाने भरा, मूळ पुरुषाचं नाव ठळक अक्षरात, प्रस्तावनेत पण दोन ओळी घालू. मी म्हटलं, पुरावा नाही. नाना म्हणाले, आपल्या मूळ पुरुषाचा तरी कुठे आहे.

म्हणजे सगळं जमलं होतं. नाना खूश, डग्लस खूश, केटच्या पाचही रेघा पुसल्या गेल्या, ईराचं नाव पुस्तकात, आणि मला दुसऱ्या दिवशी बुर्ज खलिफा. फक्त खोटं होतं. एकतीस वर्षं मी ज्या गोष्टीसाठी लोकांना परत पाठवलं ती गोष्ट आता माझ्या सुनेच्या नावापुढे माझ्या अक्षरात जाणार होती.

समुद्र डाव्या हाताला आला होता. मागच्या सीटवरून केट बोलली. "ते खरं नाही, आई. डॅडना पण माहितीय. खरं पुस्तक जोन आत्याकडे आहे, अजमानला. डॅड तिच्याशी बोलत नाहीत. म्हणून मी पण जात नाही."

मी विचारलं, हे काल पोहे खाताना का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तुम्ही विचारलं, वडिलांचे वडील कोण. आत्याचा रकाना नव्हता."

मधले दिवस

केट शाळेत शिकवते, तिला सुट्टी नसल्यामुळे पुढच्या शनिवारपर्यंत थांबावं लागलं. जोन आत्याला फोन केला तर तिने एवढंच सांगितलं की शनिवारी दहा वाजता, आणि उशीर करू नका. मला ती बाई तिथेच आवडली.

त्या आठवड्यात नानांचे रोज दोन निरोप येत होते: सरदाराचं स्पेलिंग पाठवा. मी उत्तर दिलं नाही तर प्रश्नचिन्ह. निखिलने मला पडद्याचा रॉड घ्यायला म्हणून ड्रॅगन मार्टमध्ये नेलं. तो बाजार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचा म्हणजे सांगलीहून मिरजेला जाणं. निम्म्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. नवीन चप्पल घेतली, निखिलने तिचा गुणाकार केला, मग आम्ही तीन तास गाडी कुठल्या दारापाशी लावली ते शोधत होतो. रॉड घ्यायचा राहिला तो राहिलाच.

केटशी मी त्या दिवसांत बोलायचा प्रयत्न केला. एकदा म्हटलं, रेघांचं वाईट वाटून घेऊ नकोस, परदेशी सुनांसाठी नियमच तसा आहे. ती भांडी पुसत होती. तिने भांडं ठेवलं आणि विचारलं, "मी कधीपर्यंत परदेशी, आई?" 

शनिवार, अजमान

नकाशात अजमान पाऊण तासावर आहे. आम्हाला पावणेदोन तास लागले. दुबईत काम करणारं आणि अजमानला स्वस्त घरात राहणारं सगळं जग त्या एका रस्त्यावर असतं. शारजा ओलांडताना आम्ही इतके हळू होतो की शेजारच्या गाडीतल्या कुटुंबाचा अख्खा डबा खाऊन झालेला मी पाहिला. निखिल म्हणाला, पोचू इन्शाल्ला. मी त्याला सांगितलं की देवाला यात ओढू नकोस, तू आठला उठलास.

जोन आत्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते, खाडी दिसते. बारीक, ताठ, केस पुरुषासारखे कापलेले, सोबत एक लठ्ठ मांजर. तीस वर्षं तिथल्या रुग्णालयांत नर्स होती, अजूनही आठवड्यातून तीन दिवस एका दवाखान्यात जाते. दार उघडून तिने घड्याळाकडे बोट केलं. मग केटला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. ईरा तिने पहिल्यांदा पाहिली. मी इंग्रजी जुळवत होते तेवढ्यात ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आप बैठो. पहले चाय, फिर हाथ धोना, फिर किताब." वॉर्डात शिकलेली हिंदी, धावती आणि हुकमी. माझी हिंदी तिच्यापेक्षा वाईट निघाली.

चहा झाला, हात धुतले. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं जाडजूड बायबल तिने टेबलावर ठेवलं. आपल्याकडे पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर जन्ममृत्यू टिपून ठेवतात तसं त्यांच्याकडे बायबलच्या मधल्या पानांवर असतं. कागद तपकिरी, कडा खाल्लेल्या, पण नोंद सलग, एकाखाली एक, हस्ताक्षर बदलत गेलेलं. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. याला म्हणतात कागद.

पहिली नोंद जोननेच वाचून दाखवली आणि हिंदीत सांगितली. इसोबेल मॅक्रे. स्कॉटलंडातल्या रॉसशायरमधून समुद्र ओलांडून आली. सात वर्षांसाठी बांधील. साल सतराशे काहीतरी, शेवटचे दोन आकडे पाण्याच्या डागाखाली गेलेले. तिचा मुलगा जॉन.

बांधील म्हणजे काय ते मी विचारलं. बोटीचं भाडं देण्याइतकं जवळ काही नसलं की दुसऱ्याच्या घरी सात वर्षं फुकट राबायचं, असे करार करून तेव्हा हजारो लोक गेले. इसोबेल कोणाच्या तरी शेतावर चुलीपाशी आणि गोठ्यात राबली असणार. मी विचारलं, जॉनचा बाप? जोनने पान माझ्याकडे सरकवलं. बापाच्या जागी काहीच नव्हतं. जॉनला आईचं आडनाव, जॉनच्या मुलांना तेच, आणि तेच खाली डग्लसपर्यंत.

"डग को राजा चाहिए था," जोन म्हणाली. त्यांच्या आईला पुरून आल्यावर तिने हे पान भावापुढे उघडलं होतं. त्याने ते मिटलं, आणि काही महिन्यांनी ती चौकट मागवली. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

मी खाली वाचत गेले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती सवयीने आली. प्रत्येक लग्नाच्या नोंदीत बायकोचं जन्माचं नाव होतं, आणि तिच्या आईचंही. बापाचं कुठे होतं, कुठे नव्हतं. हे का, असं विचारल्यावर जोनने खांदे उडवले. जॉनने सुरू केलं असणार. त्याला एकच नाव माहीत होतं, आईचं, म्हणून त्याने सगळ्यांच्या आया लिहिल्या, आणि पुढच्यांना वाटलं हीच पद्धत.

केट पहिल्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. तिचं मधलं नाव इसोबेल आहे. आजीच्या हट्टाने ठेवलेलं, पण ते कोणाचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटची नोंद तिच्याच जन्माची होती. त्याखाली पान कोरं.

जोनने शाईचं पेन काढलं. नऊ वर्षं केटच्या लग्नाची नोंद राहिली होती, कारण केट आल्याशिवाय ती लिहायची नाही असं तिने ठरवलं होतं. निखिलचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव. मग माझ्याकडे पाहून, "आप का नाम?"

प्रभावती, मी सांगितलं.

"पैदाइशी नाम."

सुमन, म्हटलं. लग्नात ताटातल्या तांदळावर माझं नवीन नाव लिहिलं गेलं, तेव्हापासून मी प्रभावती. निखिल वळून माझ्याकडे बघायला लागला. त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. जोनने सुमन लिहिलं, स्पेलिंग दोनदा विचारून.

"और आप की माँ?"

सरस्वती. हे सांगितलं आणि मलाच कळलं की ती पुढे काय विचारणार. तेही सासरचंच नाव. आईचं लग्न होण्याआधी तिला काय म्हणत? मामा सगळे आक्का म्हणायचे. आजोळी आक्काची पोरं म्हणून आम्ही ओळखले जायचो. तिचं बारशाचं नाव मला माहीत नव्हतं. माझी स्वतःची आई, बासष्ट वर्षांची होऊन गेली, तिच्या मृत्यूचा दाखला मी स्वतः आणला, आणि ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. परक्यांच्या चार पिढ्यांच्या बायका कोर्टाच्या कागदांतून शोधून काढणारी मी.

"कोई बात नहीं," जोन म्हणाली. पेन ठेवून तिने पेन्सिल घेतली आणि माझ्या आईच्या जागी एक बारीक रेघ मारली. "मिलेगा तो भर देंगे."

तिने ते इतक्या सहज आणि चांगल्या मनाने केलं की चिडायलाही जागा नव्हती. तरी मी चिडले. माझ्या आईला रेघ. ही कोण बाई, अजमानमध्ये मांजर घेऊन बसलेली, आणि माझ्या आईपुढे रेघ मारते. डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी मांजराकडे बघत बसले.  केटला आता बोलायला हक्क होता. तिच्या जागी मी असते तर नक्की बोलले असते. तिने फक्त माझा चहाचा कप उचलला, तो गार झाला होता, आत जाऊन गरम करून आणला.

मग मी तिला म्हटलं, "केट, त्या पाच रेघा नानांच्या नाहीत. मी मारल्या होत्या."

"माहितीय, आई," ती म्हणाली. "चहा घ्या."

नानांचा फोन परतीच्या रस्त्यावर, शारजाच्या गर्दीत आला. मी केटचे पाच रकाने वाचून दाखवले. माहेरचं आडनाव मॅक्रे. वडील डग्लस. मूळ पुरुष, इसोबेल. मूळ गाव, रॉसशायर. कुलदैवताच्या जागी, बायबल. नाना म्हणाले, मूळ पुरुष बाई कशी असेल? आणि तीही मोलकरीण, लग्न न झालेली? सरदाराचं काय झालं? आपलं पुस्तक चार घरांत जाणार, वहिनी. सरदार टाका, नाहीतर रेघ राहू दे, नाव काढून टाका.

मी त्यांना शांतपणे सांगितलं, म्हणजे माझ्या मानाने शांतपणे, की आमच्या शाखेचे सगळे भरलेले फॉर्म माझ्या कपाटात आहेत आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. इसोबेल छापली जाणार नसेल तर अख्ख्या शाखेपुढे रेघ मारा, पुष्कळ पानं वाचतील.  शेवटी नाना म्हणाले, तळटीप देऊ. मी म्हटलं, तळटीप नाही, रकान्यात. बघू, म्हणाले. गाडीत निखिलने इन्शाल्ला म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहून मिटलं.

सांगली, आणि एक दिवस विटा

माझे एकच मामा आता हयात आहेत, विट्याला. नव्वदीचे, कानाने अधू. आल्याच्या दुसऱ्या दिवशी एसटीने गेले. आईचं लग्नाआधीचं नाव काय, हे मी इतक्या मोठ्याने विचारलं की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. मामा वैतागले. आक्काचं नाव आक्का, म्हणाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, कशाला पाहिजे आता ते, कुठल्या जमिनीवर लावायचंय.

मी पिशवी उचलली होती. आतून मामी भिंतीला धरत बाहेर आल्या. त्या या घरात सून म्हणून आल्या तेव्हा माझी आई सासरी जाऊन वर्षं झाली होती.

"कृष्णा," मामी म्हणाल्या. "सासूबाईंनी सांगितलं होतं मला. थोरलीचं नाव कृष्णा होतं, तिकडं बदललं, म्हणून रडायच्या."

मी मामींना विचारलं, त्यांचं स्वतःचं जन्माचं नाव काय. त्यांनी सांगितलं. ते मी वहीत लिहून घेतलं आहे.

आईचं नाव कागदावर लिहून मी केटला फोटो पाठवला. पुस्तक छापून आलं, इसोबेल रकान्यात आहे, ठळक अक्षरात नाही, पण आहे, आणि तिच्या पाच ओळी खाली ईरा. नानांनी अजून माझ्याशी नीट बोलणं सुरू केलेलं नाही, त्याने घरात शांतता आहे. डग्लस रागावलेले आहेत, पण त्यांनी केटला विचारलं म्हणे की बायबलची बांधणी अजून धड आहे का.

गेल्या शनिवारी केट एकटीच गाडी घेऊन अजमानला गेली. दुपारी तिचा फोटो आला. बायबलचं पान, सुमन, आणि त्यापुढे जोनची पेन्सिलची रेघ. ती पुसलेली नव्हती. केटने तिच्यावरच, मुलं दुरेघी वहीत लिहितात तसं सावकाश, देवनागरीत माझ्या आईचं नाव लिहिलं होतं.